दुचाकीत नवी बॅटरी टाकण्याआधी मल्टिमीटर लावा

साताऱ्यात पावसाळ्यात सेल्फ नुसता ‘टक् टक्’ करू लागला की सगळे बॅटरीलाच दोष देतात. माझ्याकडच्या या गाडीची बॅटरी बाहेरून चार्ज केल्यावर गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे चार्ज नीट धरलेला. पण इंजिन चालू करून रेस दिली तरी रीडिंग १२.४ वरच. ते १३.८ ते १४.५ हवं, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (बॅटरीला जाणारं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला समजा.

मग मॅग्नेटकडून (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग) रेग्युलेटरकडे येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, सोडवला. मीटर एसीवर ठेवून दोन-दोन वायरी तपासल्या: तिन्ही जोड्यांत व्होल्टेज सारखं, रेसबरोबर वाढणारं. इंजिन बंद करून पाहिलं, कुठलीच पिवळी वायर बॉडीला लागत नव्हती. म्हणजे मॅग्नेटची कॉइल ठीक.

दोष कपलरमध्येच होता. पाणी शिरून एक पिन हिरवी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. सैल पिनेत रोध वाढतो, तिथंच उष्णता होते. जळका भाग कापून नव्या पिना क्रिंप केल्या (दाबून घट्ट बसवल्या), हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली, कपलरही नवा घातला. वायरी पिळून टेप मारणं हा गॅरेजवाल्यांचा लाडका उपाय, पण पुढच्या पावसात तोच जोड पुन्हा जळतो. रेग्युलेटरच्या अर्थिंगखालचा गंजही घासून काढला. आता ४००० आरपीएमला बॅटरीवर १४.२ व्होल्ट.