कस्टम्सने सिगरेट-दारू अडवली तर काय करायचं? लोहगावला, म्हणजे पुणे विमानतळावर, उतरणाऱ्यांसाठी

दुबई नाहीतर बँकॉकला निघालं की "येताना एक कार्टन आण रे" म्हणणारे मित्र प्रत्येकाला असतात, आणि लफडं तिथूनच सुरू होतं, कारण कार्टनमध्ये सिगरेट असतात 200 आणि ड्युटी न भरता आणता येतात 100, म्हणजे वीसवाली पाच पाकिटं. किंवा 25 सिगार, किंवा 125 ग्रॅम तंबाखू. यातलं एकच हं, तिन्ही नाही. दारू, वाइन, बिअर सगळं मिळून 2 लिटर, त्यामुळे 750 एमएलच्या तीन बाटल्या घेतल्या की तुम्ही लिमिटच्या बाहेर गेलात, आणि उतरल्यावर ड्युटी फ्रीमधून उचललेली बाटलीसुद्धा यातच मोजतात. नवरा-बायकोचा कोटा एकत्र करता येत नाही, तिच्या वाटच्या बाटल्या तिच्या बॅगेत आणि बिलही तिच्याच नावाचं ठेवा. व्हेप मात्र आणूच नका, 2019 च्या कायद्याने ई-सिगरेटची आयातच बंद आहे, ड्युटी भरतो म्हटलं तरी सुटत नाही.

आता पहिली स्टेप. जास्त माल असेल तर सरळ रेड चॅनलला जा आणि सांगा. कस्टम्सच्या अतिथी अ‍ॅपवर आधीच भरून ठेवलं तर आणखी बरं. कस्टम्स कायदा 1962 च्या कलम 77 प्रमाणे डिक्लेअर करणं आपलं काम आहे, आणि ग्रीन चॅनलमधून चालत गेलात म्हणजे "माझ्याकडे काही नाही" असं तुम्हीच सांगितलं असं धरतात. खरं डिक्लेरेशन केलेलं असलं की कलम 80 ची सोय मिळू शकते, म्हणजे ड्युटी फार होतेय असं वाटलं तर माल तिथेच ठेवून घ्यायची विनंती करायची आणि पुढच्या वेळी देशाबाहेर जाताना परत न्यायचा. ग्रीनमध्ये पकडले गेलात की हा रस्ता बंद, मग जप्ती आणि वर पेनल्टी.

अडवलंच तर आवाज चढवू नका, पण कागद मागा. डिटेन्शनची, म्हणजे माल अडवून ठेवल्याची, पावती असो की पंचनामा, त्यावर ब्रँड, पाकिटं किती, बाटली किती एमएलची, सील आहे की नाही हे सगळं आलंय का ते उभ्या उभ्या वाचा. पैसे भरले तर पावती घ्याच, पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग, दुकानाचं बिल फेकून देऊ नका, नंतर अपील करायला हेच लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सहीमुळे. पहाटेची वेळ, मुलं पेंगुळलेली, बाहेरून कॅबवाला सारखा फोन करतोय, आणि समोर छापील फॉर्म येतो, "मला कारणे दाखवा नोटीस नको, सुनावणी नको". माणूस घाईत सही करून मोकळा होतो. करू नका! माल कायमचा जप्त करण्याआधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी हा कलम 124 चा हक्क आहे, हक्क सोडून दिल्याच्या अशा छापील फॉर्मवर दिल्ली हायकोर्टाने 2025 मध्ये सोन्याच्या केसेसमध्ये चांगलेच ताशेरे मारलेत. कलम 108 खाली जबाब घेतला तर तो पुढे तुमच्याच विरुद्ध वापरता येतो, म्हणून खरं तेच सांगा, न वाचता सही नको. माल ताब्यात घेतल्यापासून सहा महिन्यांत नोटीस आली नाही आणि मुदतही वाढवली नाही, तर माल परत मागता येतो.

ऑर्डर हातात आली की कलम 125 बघा. बंदी नसलेल्या मालावर दंड भरून तो सोडवायचा पर्याय अधिकाऱ्याला द्यावाच लागतो, तो दंड बाजारभावातून ड्युटी वजा करून जे उरेल त्यापेक्षा जास्त नसतो, ड्युटी मात्र वेगळी भरावी लागते. 120 दिवसांत दंड भरला नाही तर पर्याय गेला.

पटलं नाही तर 60 दिवसांत कमिशनर अपील्सकडे, म्हणजे कस्टम्सची अपिलं ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा, योग्य कारण असेल तर आणखी 30 दिवस मिळू शकतात. वादातल्या ड्युटी-पेनल्टीच्या साडेसात टक्के आधी भरावे लागतात. तिथेही हरलात तर बॅगेजच्या केसमध्ये कस्टम्सच्या अपील ट्रायब्युनलला जाता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि चुकीच्या दारात वेळ जातो. कलम 129डीडी प्रमाणे तीन महिन्यांत केंद्र सरकारकडे रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणीचा, अर्ज करायचा, ड्युटी-दंड-पेनल्टीची रक्कम एक लाखापर्यंत असेल तर फी 200 रुपये, त्याहून जास्त असेल तर 1000.

माझं स्पष्ट मत, नुसत्या एका कार्टनसाठी वकील लावू नका, ड्युटी भरा नाहीतर सोडून द्या. पण पेनल्टी मोठी लावली असेल किंवा डिक्लेअर करूनही "लपवून आणलं" असं ऑर्डरमध्ये लिहिलं असेल, तर अपील नक्की करा आणि ऑर्डर मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा, 60 दिवस तिथूनच मोजतात.