तिजोरीत चार कोटी, हातात वीस लाख: न्यासाच्या कलासंग्रहालयाचा हिशेब कसा सांभाळावा

कलासंग्रहालयाचा ताळेबंद पहिल्यांदा हाती घेणारा माणूस हमखास चकतो. बँकेत चार कोटी दिसतात आणि त्याच महिन्यात चित्राच्या चौकटीच्या दुरुस्तीचं तीस हजारांचं बिल ‘पैसे नाहीत’ म्हणून अडलेलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. संग्रहालयात येणाऱ्या बहुतेक पैशाला देणाऱ्याने काही ना काही अट घातलेली असते. विजेचं बिल, पहारेकऱ्यांचे पगार आणि छताची गळती यांसाठी मात्र आवर्जून पैसे देणारा सहसा भेटत नाही. म्हणून कोणता रुपया कशाला बांधलेला आहे, हे कायम माहीत असणं हे अर्थविभाग सांभाळणाऱ्याचं पहिलं काम.

हे मार्गदर्शन महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संग्रहालयांसाठी आहे. सरकारी संग्रहालयाचं अर्थकारण निराळं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा संग्रह १९७५मध्ये राज्य शासनाला दिला गेला. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं पुनरुज्जीवन महापालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्या २००३च्या करारातून झालं. मालक एक आणि चालवणारा दुसरा असू शकतो, त्यामुळे कामावर रुजू झाल्यावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागद मागवा: न्यासपत्र, पीटीआरचा (सार्वजनिक न्यास नोंदवहीचा) उतारा, इमारतीचा भाडेपट्टा किंवा करार, आयकर नोंदणीचा आणि ८०-जीचा (देणगीदाराला करवजावट देणाऱ्या जुन्या कलमाचा) आदेश, एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याचं) प्रमाणपत्र, चालू अनुदानांची मंजुरीपत्रं आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. इमारत कोणाची, संग्रह कोणाचा आणि चालवणारी संस्था कोण, या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळेपर्यंत अंदाजपत्रकाला हात लावू नका.

मोकळे पैसे काढण्याची रीत

दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत एका कागदावर पुढचा हिशेब मांडा. आकडे नमुन्याचे आहेत, पण मध्यम आकाराच्या संग्रहालयात चित्र साधारण असंच असतं.

बँक खाती आणि मुदत ठेवी मिळून: ४ कोटी १० लाख
वजा कॉर्पस (मूळ रक्कम तशीच ठेवून फक्त व्याज वापरायचा निधी): २ कोटी ५० लाख
वजा सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) प्रकल्पाचे न खर्चलेले पैसे: ६२ लाख
वजा वातानुकूलन यंत्रणेसाठी राखलेली रक्कम: ३० लाख
वजा भांडारासाठी मिळालेल्या अनुदानाची शिल्लक: २८ लाख
वजा एफसीआरए खात्यातील शिल्लक: १२ लाख
वजा सभागृहाच्या आणि ठेकेदारांच्या अनामत रकमा: ५ लाख
वजा भरायचा जीएसटी, टीडीएस, भविष्य निर्वाह निधी: ३ लाख
उरले मोकळे: २० लाख

महिन्याचा चालू खर्च १४ लाख असेल, तर संग्रहालयाच्या हातात जेमतेम दीड महिना आहे. विश्वस्तांना चार कोटींचा आकडा सांगू नका, हा दीड महिना सांगा. सहा महिन्यांचा मोकळा राखीव निधी हे उद्दिष्ट धरावं. तीन महिन्यांच्या खाली गेलात तर नवी भरती आणि नवं प्रदर्शन दोन्ही थांबवून आधी बैठक बोलवावी.

हा हिशेब बिघडतो तो एका सवयीमुळे: ‘तात्पुरतं’ म्हणून सीएसआरच्या पैशातून पगार करणं. पुढच्या महिन्यात ते परत टाकू, असं ठरतं आणि तो पुढचा महिना काही येत नाही. कंपनीचा लेखापरीक्षक वापर प्रमाणपत्र (दिलेले पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला) मागतो तेव्हा बँकेतली शिल्लक आणि प्रमाणपत्रावरची शिल्लक जुळत नाही. मोठ्या प्रत्येक अनुदानाला वेगळं बचत खातं उघडा. टॅलीत प्रत्येक निधीला स्वतंत्र कॉस्ट सेंटर (खर्चाचा वेगळा कप्पा) द्या आणि ते न भरता व्हाउचर पुढे जाणारच नाही, अशी शिस्त लावा.

पंच्याऐंशी टक्के

आयकरातून सूट हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च व्हावा लागतो. (१ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे जुने क्रमांक बदलले आहेत, म्हणून इथे नियमच सांगतो.) उत्पन्न २ कोटी असेल तर १ कोटी ७० लाख खर्च व्हायला हवेत. ३० लाख बिनबोभाट मागे ठेवता येतात. कॉर्पससाठी म्हणून लेखी सूचनेसह आलेली देणगी, ती मान्य गुंतवणुकीत वेगळी ठेवली तर, या हिशेबात येत नाही. चित्र विकत घेणं किंवा यंत्रणा बसवणं हा भांडवली खर्च मात्र यात धरला जातो. एकदा धरला की त्याच वस्तूवर घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) पुन्हा मागता येत नाही.

गाडी अडते ती मार्चमध्ये. खर्च धरला जातो तो प्रत्यक्ष पैसे दिल्यावर, तरतूद करून नाही. छायाचित्रणाचं बारा लाखांचं काम मार्चमध्ये झालं आणि धनादेश एप्रिलमध्ये गेला, तर ते बारा लाख पुढच्या वर्षात मोजले जातात. म्हणून जानेवारीच्या शेवटी एकदा ८५ टक्क्यांचा अंदाज काढा आणि बाकी बिलांची यादी क्युरेटरसमोर ठेवा. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिलेली रक्कम खर्चात धरत नाहीत. टीडीएस न कापलेल्या बिलाचा ३० टक्के भागही उडतो. सुतार, मांडव-लाइटवाले आणि टेम्पोवाले रोख मागतात, तिथेच हे होतं.

तरीही तूट राहिली तर रक्कम ठरावीक कामासाठी जास्तीत जास्त पाच वर्षं राखून ठेवता येते. त्याचा अर्ज मुदतीत ऑनलाइन गेला पाहिजे. ठरावात ‘न्यासाच्या उद्दिष्टांसाठी’ असं मोघम लिहू नका. ‘पहिल्या मजल्यावरील लघुचित्र दालनाची वातानुकूलन यंत्रणा’ असं नेमकं लिहा. राखलेली रक्कम दुसऱ्या न्यासाला देता येत नाही.

धर्मादाय आयुक्तांचं वेळापत्रक वेगळं चालतं. अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी, म्हणजे फेब्रुवारीअखेर. लेखापरीक्षण ३१ मार्चनंतर सहा महिन्यांत, न्यास नियमांतल्या अनुसूची आठ (ताळेबंद) आणि नऊच्या (उत्पन्न-खर्च पत्रक) नमुन्यात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करण्याचा अर्ज). तो राहिला तर बँक सही बदलून देत नाही आणि ऐन पगाराच्या दिवशी धनादेश अडकतो.

खिडकी आणि दानपेटी

तिकीट खिडकीचा हिशेब रोज जुळलाच पाहिजे: पहिला आणि शेवटचा तिकीट क्रमांक, गुणिले दर, बरोबर रोख अधिक यूपीआय अधिक कार्ड. शाळांच्या सवलतीची आणि मोफत प्रवेशाची तिकिटंही क्रमांकासह फाडा. नाहीतर ‘आज शाळा आली होती’ हे सगळ्या फरकांचं उत्तर होऊन बसतं. यूपीआयची रक्कम खात्यात दुसऱ्या दिवशी येऊ शकते, त्यामुळे तिची जुळणी खिडकीवरच्या माणसाने करू नये. ती लेखाविभागाने करावी.

दानपेटीला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोघांकडे, उघडताना तिघांच्या सह्या. इतपत बहुतेक ठिकाणी असतं. विसरतात तो कर. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख, यांपैकी मोठ्या रकमेपलीकडे गेल्या तर वरच्या भागावर ३० टक्के कर लागतो. या करातून पूर्ण सुटका निव्वळ धार्मिक संस्थांना आहे, संग्रहालयाला नाही. एकूण देणग्या ४० लाख आणि पेटीत साडेतीन लाख निघाले, तर दोन लाख सुटतात आणि दीड लाखावर ४५ हजार जातात. उपाय अगदी साधा आहे: पेटीशेजारी पावती पुस्तक आणि पेन ठेवा, आणि क्यूआर कोडला नाव-पत्त्याचा फॉर्म जोडा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०-जीची वजावट मिळत नाही, हे त्याच फलकावर लिहा.

देणगी स्वीकारण्याआधी

सीएसआर घेणं सोपं वाटतं. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा, कला आणि संस्कृती, कलाकृतींचं जतन स्पष्ट लिहिलेलं आहे. आधी सीएसआर-१ (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थांची सरकारी) नोंदणी करा. कंपनी कॉर्पसला सीएसआर देऊ शकत नाही, त्यामुळे ‘कॉर्पससाठी’ असं पत्र आलं तर ते बदलून घ्या. प्रस्तावात प्रकल्पाशी थेट जोडलेले पगार, वीज, विमा आणि लेखापरीक्षण शुल्क पहिल्यापासूनच घाला. नुसतं ‘तीस चित्रांचं जतन’ लिहून पैसे घेतले, तर त्या तीस चित्रांना सांभाळणारी खोली आणि माणूस यांचा खर्च तुमच्या मोकळ्या वीस लाखांतून जातो.

परदेशातल्या मराठी माणसांकडून देणगी येते तेव्हा पासपोर्ट विचारावाच लागतो, कितीही अवघड वाटलं तरी. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी योगदान नव्हे. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलेल्या माणसाचे पैसे मात्र परदेशी योगदान ठरतात. ते नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला हवेत, आणि त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत राहायला हवा. चुकून साध्या खात्यात जमा झालेली रक्कम ‘नंतर वळती करू’ म्हणून ठेवू नका. त्याच दिवशी सीएला कळवा.

चित्र दान देणाऱ्याशी नरमाईने पण स्पष्ट बोला. ८०-जीची वजावट पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूला नाही. त्यामुळे चित्राच्या किमतीचं प्रमाणपत्र संग्रहालयाने देऊ नये. चित्रासोबत चौकट, जतन, विमा आणि जागेचा खर्चही घरात येतो. पहिल्या पाच वर्षांचा तो आकडा काढून देणगीदारासमोर ठेवा. तेवढा निधी सोबत देणारे निघतात, फक्त कोणी मागितलेला नसतो.

दुकान, उपाहारगृह आणि जीएसटी

संग्रहालयाच्या प्रवेश तिकिटावर जीएसटी नाही, म्हणून अनेकजण निर्धास्त राहतात. पण नोंदणीच्या मर्यादेसाठी एकूण उलाढाल मोजताना करमाफ तिकीटविक्रीही धरली जाते. तिकिटांचे अठरा लाख आणि सभागृहाच्या भाड्याचे तीन लाख असले, तरी वीस लाखांची रेघ ओलांडली. उलट बाजूला, तिकीट करमाफ असल्याने सुरक्षा एजन्सी आणि एसी देखभालीच्या बिलांवरच्या १८ टक्के करातला बहुतेक भाग परत मिळत नाही. अंदाजपत्रकात दर जीएसटीसकट धरा. ‘जीएसटी वेगळा’ ही कोटेशनच्या तळची ओळ वर्षाला कित्येक लाखांना पडते.

दुकानाचे हिशेब वेगळे ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. वेगळे ठेवतानाही जागेची वीज, विक्रेत्याचा पगार आणि कार्डाचं शुल्क दुकानाच्या माथी टाका. नाहीतर तोट्यातलं दुकान वर्षानुवर्षं नफ्यात दिसतं. कॅटलॉगचं तेच. हजार प्रतींचा दर स्वस्त पडतो म्हणून हजार छापतात, आणि सहाशे गोदामात ओल धरतात.

प्रदर्शनाचं अंदाजपत्रक

बाहेरून कलाकृती आणायच्या असतील तर भिंती आणि दिवे हा सोपा भाग. अंदाजातून खर्च सुटतो तो या ठिकाणी: पेट्या (मालकाच्या मोजमापानुसार नव्या कराव्या लागतात), जाताना आणि येताना असा दुहेरी प्रवास, कलाकृतीसोबत येणाऱ्या माणसाचं तिकीट, राहणं आणि भत्ता, मूळ भिंतीवरून काढल्यापासून परत टांगेपर्यंतचा विमा, परदेशी वस्तू असतील तर तात्पुरत्या आयातीची हमी, मालकाच्या अटीपोटी वाढवलेला रात्रीचा पहारा, आणि शेवटी भिंती पाडून दालन पूर्ववत करणं. या सगळ्यावर १० टक्के आकस्मिक खर्च धरा. प्रदर्शन फेब्रुवारीत सुरू होऊन एप्रिलमध्ये संपत असेल, तर परतीचा प्रवास पुढच्या आर्थिक वर्षात पडतो आणि प्रायोजकाचे पैसे मात्र याच वर्षात संपलेले असतात. परतीची रक्कम पहिल्या दिवशीच बाजूला काढा. प्रायोजकाची लेखी मंजुरी येण्यापूर्वी पेट्यांची ऑर्डर देऊ नका.

काटकसरीत एक गोष्ट मात्र लेखाविभागाच्या अधिकारात नसावी: रात्री दालनांचा एसी बंद करणं. बिल कमी होतं, पण हवेतली आर्द्रता रोज वरखाली होते, कॅनव्हास ताणतो-सैलावतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. एका मोठ्या तैलचित्राच्या जतनाच्या खर्चात वर्षाची सगळी बचत सहज बुडते. त्यापेक्षा जुन्या हॅलोजनच्या जागी एलईडी बसवा. बिल आणि उष्णता दोन्ही उतरतात.

संग्रह म्हणजे पैसा नव्हे

विकत घेतलेली कलाकृती पुस्तकात खरेदी किमतीला, दानातली एक रुपया नाममात्र किमतीला दाखवण्याची पद्धत सोयीची आहे. कलाकृतीवर घसारा लावू नका. खरी नोंद परिग्रहण नोंदवहीत (संग्रहात आलेली प्रत्येक वस्तू जिथे लिहितात) असते. वर्षातून एकदा लेखापाल आणि क्युरेटरने मिळून नोंदवहीतल्या २५ वस्तू भांडारात शोधाव्यात, आणि भांडारातल्या २५ वस्तू नोंदवहीत. दुसरी दिशा टाळतात, आणि बेनोंद वस्तू नेमक्या तिथेच सापडतात.

विम्यासाठी किंमत ठरवताना परदेशी लिलावाचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू, तसंच राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा नऊ चित्रकारांच्या कलाकृती देशाबाहेर नेऊन विकता येत नाहीत. त्यांचा बाजार देशातच आहे.

अडचणीच्या वर्षी एखादा विश्वस्त ‘एक चित्र विकून टाकू’ म्हणतोच. डेट्रॉइट शहराने २०१३मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये शहराच्या पैशाने घेतलेल्या कलाकृतींची किंमत क्रिस्टीज या लिलावसंस्थेने ४५.४ ते ८६.७ कोटी डॉलर काढली. संग्रह शहराच्या मालकीचा होता, म्हणून सावकारांची नजर तिकडे वळली. प्रतिष्ठानं, राज्य सरकार आणि संग्रहालयाने मिळून सुमारे ८१.६ कोटी डॉलरची तजवीज केली, तेव्हा कुठे संग्रह स्वतंत्र संस्थेच्या नावावर झाला. आपल्याकडे विक्रीचा विषय निघालाच तर न्यासपत्र, दानपत्रातल्या अटी आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय या तिन्हीकडे आधी पाहा. पैसे आले तरी ते पगारात घालू नका, संग्रहाच्या खरेदी-जतनातच राहू द्या.

खरेदीच्या बाजूला एक वेगळी दक्षता लागते. कलासंग्रहालयाचे विश्वस्त अनेकदा स्वतः संग्राहक असतात, कुणाचं नातलगाचं कलादालन असतं. अशा ठिकाणाहून चित्र घ्यायचं असेल तर दोन स्वतंत्र मूल्यांकनं घ्या, त्या विश्वस्ताला बैठकीबाहेर बसवा, तो बाहेर होता हे इतिवृत्तात लिहा आणि पैसे देण्यापूर्वी फाइल सीएला दाखवा. बाजारभावापेक्षा एक रुपया जास्त गेला असं आयकर विभागाला वाटलं, तर प्रश्न नुसत्या चित्राचा राहत नाही, त्या जास्तीच्या रकमेवरच्या करसवलतीचा होतो.