डॉक्टर, रुग्ण आणि बरोबरचं माणूस

मानसशास्त्रात एमए केलेली, एमएसडब्ल्यू किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली, क्वचित भाषाविज्ञानातली मुलं-मुली हल्ली विचारतात, "इस्पितळातल्या संवादावर संशोधन करायचंय, सुरुवात कुठून करू?" बहुतेकांनी तोवर इंग्रजी पेपर वाचलेले असतात आणि प्रश्नही ठरवलेला असतो: डॉक्टर रुग्णाचं नीट ऐकतात का? प्रश्न वाईट नाही. पण गोव्यातल्या कुठल्याही सरकारी ओपीडीबाहेर एक सकाळ नुसतं बसून बघा. आत जाणारा रुग्ण एकटा नसतोच. मागे सून असते, भाचा असतो, नाहीतर शेजारची बाई असते. केसपेपर त्यांच्या हातात, आणि आत गेल्यावर बोलतंही तेच माणूस. तुमचा अभ्यास या माणसाला जागा देणार की नाही, हे आधी ठरवा. बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

या विषयात शिरलं की एक आकडा सगळीकडे भेटतो. बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्ये ७४ भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली आणि रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला अडवतात, असं मांडलं. १९९९ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात हा काळ सुमारे २३ सेकंद निघाला. भाषणांत हे आकडे हमखास येतात आणि ऐकणाऱ्यांना आवडतात, कारण डॉक्टरांवर रागवायची आयती सोय होते. आता आपल्याकडची ओपीडी ऐका. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आजोबा "रात्रीचं जरा..." एवढं म्हणतात तोच मुलगी सांगून मोकळी होते, "गोळ्या घेत नाहीत हो डॉक्टर, तुम्हीच सांगा त्यांना!" अडवलं कोणी? आणि सेकंद मोजणाऱ्याने हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

डेब्रा रोटर यांची रायस ही पद्धत जरूर शिकून घ्या. तिच्यात प्रत्येक उद्गाराला कोड, म्हणजे त्याचा प्रकार सांगणारी खूण, देतात, आणि कान तयार होतो. पण ती मुळात डॉक्टर आणि रुग्ण या दोघांच्या बोलण्यावर बेतलेली आहे. बरोबरच्या माणसासाठी आपल्याला स्वतःचे कोड करावे लागतात: रुग्णाच्या वतीने बोलणं, रुग्णाची तक्रार करणं, डॉक्टरांचं म्हणणं घरच्या शब्दांत पुन्हा सांगणं, नुसती मान हलवणं. मान हलवलेली रेकॉर्डरला ऐकू येत नाही. म्हणून वही सोडू नका.

गोव्यात शिवाय आणखी एक माणूस असतो, जो खोलीत नसतोच. मुलगा जहाजावर असतो, कुवेतला असतो, स्विंडनला असतो. पैसे त्याचे, त्यामुळे ऑपरेशन करायचं की थांबायचं हा शब्दही त्याचाच. जहाज बंदराला लागून त्याचा व्हिडिओ कॉल येईपर्यंत खाटेभोवतीची मंडळी "बघूया" म्हणत राहतात, आणि डॉक्टरांना वाटतं की या लोकांना सांगितलेलं कळलेलं नाही. कळलेलं असतं, हो म्हणायचा अधिकार नसतो. तुमच्या प्रस्तावात या फोनवरच्या माणसाबद्दल एक नियम हवा, कारण त्याचा आवाज रेकॉर्ड होतो आणि संमतीपत्रावर त्याची सही नसते. मी सुचवते तो साधा आहे: त्याची तोंडी संमती मिळाली तर त्याचं बोलणं लिहून काढायचं, नाहीतर "फोनवरचा नातेवाईक बोलला" एवढीच नोंद करून तो भाग गाळायचा. एथिक्स समितीने विचारण्याआधी आपणच हे लिहून दिलेलं बरं.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं डाउनलोड करून निदान संमतीचं प्रकरण पूर्ण वाचा. इस्पितळ प्रमुखांचं पत्र वेगळं, एथिक्स समितीची मंजुरी वेगळी. एक हातात आहे म्हणून दुसरीशिवाय कामाला लागायचं नाही. माहितीपत्रक मराठी आणि कोकणी दोन्हींत करा, आणि कोकणी देवनागरीबरोबर रोमी लिपीतही. सासष्टी-बार्देशातल्या अनेक ख्रिस्ती घरांत कोकणी वाचतात ती रोमीच. डॉक्टरांची संमतीही लेखी घ्या. रेकॉर्डिंग आपल्या विभागप्रमुखांकडे किंवा उद्या कोर्टात जाईल का, ही त्यांची खरी भीती असते. फाईल कोण ऐकणार, कुठे ठेवणार, कधी पुसणार हे त्यांच्यासमोर वाचून दाखवा.

ध्वनिमुद्रण लिहून काढण्याचं काम नवख्यांना वाटतं त्याच्या कितीतरी पट असतं. एका तासाच्या स्वच्छ मुलाखतीला सहा-आठ तास सहज जातात. ओपीडीत चार माणसं एकदम बोलतात, पंखा घरघरतो, शिपाई पुढचा नंबर पुकारतो. पेडण्याची बाई मराठीत सुरुवात करते, सिस्टर कोकणीत उत्तर देते, डॉक्टर हिंदीत विचारतात. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, सावंतवाडी-दोडामार्गहून आलेले रुग्ण मालवणी बोलतात. आपोआप लिहून देणारी सॉफ्टवेअरं या मिश्रणापुढे हात टेकतात. जे जसं बोललं गेलं तसंच देवनागरीत लिहा, कोडही त्यावरच करा. इंग्रजी फक्त पेपरात उद्धृत करायच्या ओळींपुरतं. कोड करायच्या सॉफ्टवेअरला पैसे नसतील तर टॅगेट हे मोफत साधन पुरेसं आहे. विश्लेषणासाठी ब्राउन आणि क्लार्क यांची थीम्स, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी अर्थसूत्रं, शोधायची २००६ ची पद्धत सगळेच सांगतात, मीही सांगते, फक्त तिच्या सहा पायऱ्या पाठ करून "थीम्स उगवल्या" असं लिहू नका. थीम्स आपण काढतो. पेपर लिहिताना कोरेक ही मुलाखतींच्या अभ्यासात काय काय नमूद करायचं याची ३२ मुद्द्यांची यादी शेजारी असू द्या. मुलाखतीच्या वेळी आणखी कोण हजर होतं, हाही प्रश्न तिच्यात आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर बहुधा लांबलचक असतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. गंभीर आजाराच्या वॉर्डात काम मिळालं, तर तुम्हाला हे दृश्य दिसेलच: रुग्ण आत यायच्या आधी मुलगा दार ढकलून पुढे येतो आणि हळूच म्हणतो, "डॉक्टर, बाबांना काही सांगू नका हां." ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को भागातल्या इस्पितळांत राहून १९६५ मध्ये याची चार रूपं मांडली: रुग्णाला माहीतच नाही, त्याला संशय आहे, त्याला आणि भोवतालच्यांना दोघांनाही माहीत आहे पण दोघंही नाटक करतात, आणि उघड बोलणं झालेलं आहे. तिसरं रूप आपल्याकडे इतकं दिसतं की नवखा संशोधक त्यालाच अज्ञान समजून बसतो. आई मुलाला सांगत नाही की तिला कळलंय, मुलगा आईला सांगत नाही की त्याला कळलंय, आणि दोघंही वेगवेगळे येऊन ते तुम्हाला सांगतात.

इथे तुमची जीभ हा सर्वांत मोठा धोका. माहितीपत्रकाचं शीर्षकच "कर्करोग रुग्णांच्या कुटुंबांतील संवाद" असं छापलंत, तर अभ्यास सुरू होण्याआधी निदान फोडलंत. शीर्षक "गंभीर आजारात इस्पितळातलं बोलणं" असं करता येतं, त्यात खोटं काही नाही. समितीला कारण लिहून द्या. प्रश्नावलीत आजाराचं नाव घालू नका. समोरचा जो शब्द वापरेल तोच आपण वापरायचा. तो "गाठ" म्हणाला तर गाठ. "तुम्हाला काय सांगितलंय?" आणि "आणखी किती जाणून घ्यायला आवडेल?" हे दोन प्रश्न पुष्कळ काम करतात. वाईट बातमी सांगण्यासाठी २००० मध्ये मांडलेल्या स्पाइक्स या सहा टप्प्यांच्या पद्धतीतही असेच दोन टप्पे आहेत, बातमीच्या आधीचे. रुग्ण आणि नातेवाईक यांच्या मुलाखती वेगळ्या घ्या आणि एकाचं दुसऱ्याला चुकूनही सांगू नका. कोणी ढासळलं तर काय करायचं हे आधी ठरलेलं असावं: रेकॉर्डर बंद, वॉर्डातल्या समुपदेशकाला निरोप, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापलेलं कार्ड पिशवीत.

माझं एक मत सांगते, पटलं नाही तर सोडून द्या. कुटुंबाच्या या लपवालपवीला "मागासपणा" म्हणून पेपर लिहिणाऱ्यांनी हा विषय निवडूच नये. मुलगा खोटं का बोलतो हे समजून घ्यायचं नसेल, तर वॉर्डात बसायचं कशाला?

दुसरा भरपूर काम शिल्लक असलेला विषय म्हणजे डिस्चार्ज. सूचना ऐकतो तो बिल आणि कागद करायला आलेला भाचा, कारण स्कूटर त्याची. घरी गोळ्या देणार सून, आणि ती त्या वेळी सत्तरी तालुक्यातल्या घरी गुरांमागे. मधुमेहाची कुठली गोळी जेवणाआधीची, हे भाच्याकडून सुनेकडे पोहोचेपर्यंत काय होतं, याचा अभ्यास डॉक्टरांच्या खोलीत बसून होत नाही. दोन दिवसांनी घरी जावं लागतं. "समजलं का?" या प्रश्नाला आपल्याकडे "हो" हेच एक उत्तर आहे, त्याऐवजी "घरी वहिनीला कसं सांगणार ते मला सांगा पाहू" असं सिस्टरने विचारलं तर काय बदलतं, हा एमएच्या प्रबंधाला पुरेल असा छोटा, होण्यासारखा अभ्यास आहे. सिस्टरांना सामील करून घ्या. राऊंड पुढे सरकला की नातेवाईक त्यांच्याचकडे वळतात, "डॉक्टर काय म्हणाले हो?"

गोवा लहान आहे, हे विसरू नका. मुलाखत सुरू व्हायच्या आत तुमचं गाव, वाडा आणि आडनाव विचारलं जाणार, आणि कुठलं तरी नातं निघणारच. शक्यतो आपल्या तालुक्यात मुलाखती घेऊ नका. मावशीच्या शेजारणीला कोणी घरातली भांडणं सांगत नाही. लिहिताना नुसतं नाव बदलून भागत नाही. "डिचोलीतला, खाणीवर ट्रक असलेला, दोन्ही मुलगे जहाजावर" एवढं लिहिलं की त्या गावात माणूस सापडतो. तपशील गाळा किंवा दोन घरांचे मिसळा, आणि तसं केल्याचं पद्धतीच्या भागात नमूद करा. चतुर्थीच्या आगेमागे भेटी ठरवू नका, कोणी घरी थांबणार नाही.

कामाचं म्हणाल तर गोव्यात या क्षेत्राची मुळं वाटतात त्यापेक्षा खोल आहेत. १९९६ मध्ये सुरू झालेल्या पर्वरीच्या संगाथ या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करून बघितले, त्यातला मानस हा अभ्यास २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढच्या प्रकल्पात हे समुपदेशक एकमेकांची ध्वनिमुद्रित सत्रं ऐकून गुण द्यायला शिकले. म्हणजे बोलणं ऐकून त्याचा दर्जा ठरवण्याचं काम इथे झालेलं आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी काळजी घेणाऱ्यांना आधार देण्याचा गोव्यातला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे तर घरचं माणूसच केंद्रस्थानी होतं. दोन्ही वाचल्याशिवाय मुलाखतीला जाऊ नका. शिवाय २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नैतिकता आणि संवाद यांचा वेगळा भाग आला आहे, त्यामुळे मेडिकल कॉलेजांतले शिकवणारेही या विषयात जोडीदार शोधू लागले आहेत. त्यांना जाऊन भेटा.

पहिली नोकरी बहुधा प्रकल्पापुरत्या संशोधन साहाय्यकाची असते: कराराची, फिरतीची, अर्धा वेळ कदंबच्या बसमध्ये घालवायची. अर्जासोबत प्रमाणपत्रांच्या जोडीने दोन पानांचं निरीक्षण जोडा. बसस्टँड किंवा पंचायतीचं कार्यालय, कुठलीही सार्वजनिक जागा चालेल: कोण कोणाच्या वतीने बोललं, कोण गप्प बसलं, निर्णय कोणी घेतला. नाव-गाव नको. निवड करताना मी तरी आधी तीच दोन पानं वाचते.