काल्पनिक माल-इंजिनवर्गाचा सेवा-इतिहास कसा लिहावा

घरच्या मॉडेल रेल्वेसाठी किंवा एखाद्या कथेसाठी वाफेच्या माल-इंजिनांचा काल्पनिक वर्ग रचताना बहुतेक जण आधी चाके आणि रंग ठरवतात व मागाहून त्यांना इतिहास चिकटवतात. हा क्रम उलटा असावा. ही इंजिने कोणत्या मालासाठी, कोणत्या मार्गावर आणि कोणत्या हंगामात लागली, हे एकदा पक्के झाले की बाकीचे तपशील ओघाने सुचत जातात.

उदाहरणादाखल ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग घेऊ. वऱ्हाडचा कापूस या मार्गाने मुंबईला जात असे. दिवाळीनंतर गाठींची गर्दी होई, म्हणून समजा, कंपनीने १८९८ साली ०-६-० चाकरचनेची, म्हणजे जोडलेल्या सहा चाकांची, २४ इंजिने मागवली. हे साल मुद्दाम निवडले आहे. १९०३ साली भारतीय ब्रॉडगेजसाठी याच चाकरचनेच्या माल-इंजिनाचा प्रमाणित आराखडा ठरला. त्यामुळे आपला वर्ग त्यानंतरचा असेल, तर तयार आराखडा सोडून कंपनीने वेगळे इंजिन का घेतले, याचे उत्तर द्यावे लागते. बोरघाटातला ३७ फुटांमागे १ फूट चढ हे उत्तर चालेल, कुणा अभियंत्याची हौस मात्र चालणार नाही. निर्मात्याची पाटीही तपासून घ्यावी. ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी तीन जुन्या कंपन्या एकत्र येऊन १९०३ सालीच अस्तित्वात आली, तेव्हा १८९८च्या इंजिनावर तिचे नाव दिसले की जाणकार वाचक तिथेच हसतो. (हे मी स्वानुभवाने सांगतो.)

यानंतर वर्गाचा एकत्रित वृत्तांत लिहायची घाई न करता प्रत्येक इंजिनासाठी वहीत एक ओळ आखावी आणि तीत क्रमांक, शेड (इंजिन जिथे ठेवले जाई ते ठिकाण), मोठ्या दुरुस्तीची साले, बॉयलरची अदलाबदल व शेवट नोंदवावा. इंजिन आणि त्याचा बॉयलर यांचा जन्मभराचा संसार नसतो. बॉयलरच्या दुरुस्तीला सांगाड्यापेक्षा जास्त वेळ लागत असल्याने कारखाने जादा बॉयलर हाताशी ठेवत, म्हणून २४ इंजिनांना २६ बॉयलर धरावेत. समजा, क्रमांक ६१२ परळच्या कारखान्यातून बाहेर पडते, तेव्हा त्यावर ६०७चा बॉयलर बसवलेला असतो आणि चाके जोडणाऱ्या दांड्यावर ठोकलेला आकडा ६१९ असतो. असा एक तपशील पानभर वर्णनापेक्षा जास्त पटतो. पहिल्या महायुद्धानंतर काही इंजिनांना सुपरहीटर, म्हणजे वाफ आणखी तापवणारी नळ्यांची जोडणी, बसवायला हरकत नाही, पण सगळ्यांना बसवू नये, कारण जुन्या सांगाड्यावर खर्च करताना कंपनी हात आखडता घेणारच. दुरुस्त्या शक्यतो पावसाळ्यात दाखवाव्यात, म्हणजे कापसाच्या हंगामाला इंजिने तयार राहतात.

उतरणीची कारणे मात्र वर्गाबाहेर शोधावी लागतात. १९२५ साली जी.आय.पी.चा कारभार सरकारकडे आला; १९३०पर्यंत बोर आणि थळ या दोन्ही घाटांत, पुण्यापर्यंत आणि इगतपुरीपर्यंत, विजेची इंजिने धावू लागली आणि कामगारांनी ‘खेकडा’ म्हणून ओळखलेली माल-इंजिने चढ ओढू लागली. घाटातून मोकळी झालेली वाफेची मोठी इंजिने पुढच्या शेडांकडे सरकली असे आपण मांडले, तर आपली ०-६-० आपसूकच मुख्य मार्गावरून शंटिंगला, म्हणजे यार्डात डबे हलवायच्या कामाला, जातात. १९५०पासून डब्ल्यूजी हा वाफेच्या माल-इंजिनांचा नवा वर्ग येऊ लागला आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली; टेंडरवरची (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावरची) अक्षरे त्याप्रमाणे बदलावीत, पण काही टेंडरांवर जुनी अक्षरे पुसट दिसत ठेवावीत.

सगळी इंजिने एकाच वर्षी भंगारात काढू नयेत. ज्याच्या बॉयलरची मोठी दुरुस्ती जवळ आली आहे ते आधी जाते, नुकतेच कारखान्यातून आलेले पाच-सात वर्षे तग धरते. आपले ६१२ चाके काढून एखाद्या कारखान्यात नुसते वाफ पुरवायला उभे ठेवता येईल. असे झाले तर वहीतली त्याची शेवटची नोंद इंजिन म्हणून नसून बॉयलर म्हणून करावी, आणि तीही ६०७च्या नावे.