फळांचे प्यायचे व्हिनेगर घरी कसे करावे

फळ, साखर आणि व्हिनेगर एकत्र मुरवून जो दाट, आंबटगोड अर्क मिळतो आणि जो पाण्यात किंवा सोड्यात मिसळून प्यायला जातो, त्याला इंग्रजीत ‘श्रब’ म्हणतात. ‘पिणे’ या अर्थाच्या ज्या अरबी धातूतून आपला ‘सरबत’ शब्द आला, त्याच धातूतून हाही आलेला आहे. इराणमधील सिकंजबीन हे पेय याच जातीचे असून त्या नावातच शिरका आणि मध हे दोन्ही शब्द दडलेले आहेत.

येथे फळापासून व्हिनेगर तयार करायचे नाही, तर तयार व्हिनेगरमध्ये फळाचा रस उतरवायचा आहे, हे आधी लक्षात घ्यावे. फळाच्या रसापासून व्हिनेगर करताना आधी यीस्टमुळे साखरेचे मद्य होते आणि मग हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने जिवाणू त्या मद्याचे ॲसेटिक आम्ल करतात. या साऱ्याला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. आपले काम मात्र आठ-दहा दिवसांत होते.

व्हिनेगर निवडताना बाटलीवरील आम्लतेचा आकडा पाहावा. तो 5 टक्के असावा. सफरचंदाचे किंवा द्राक्षाचे, म्हणजे आंबवून केलेले व्हिनेगर घ्यावे. ॲसेटिक आम्लात पाणी घालून केलेले स्वस्त व्हिनेगर साफसफाईला ठीक आहे, पण पेयात त्याचा नुसता झणका लागतो आणि मागे चव म्हणून काही उरत नाही. फळ पूर्ण पिकलेले, अगदी थोडे जास्त पिकलेले असले तरी चालते, कारण वास पिकण्यातूनच येतो. मात्र बुरशीचा एखादा ठिपका जरी दिसला तरी ते फळ बाजूला काढावे. स्ट्रॉबेरी, आलुबुखार, अननस आणि काळी द्राक्षे यांचा अर्क उत्तम होतो. सफरचंद किंवा पेअर किसून घ्यावे. केळ्याच्या वाटेला जाऊ नये. त्याचा लगदा गाळणीतून उतरत नाही.

अर्धा किलो स्वच्छ केलेले फळ आणि 400 ग्रॅम साखर घ्यावी. बिया किंवा कोय काढून फळाचे बारीक तुकडे करावेत, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ते हाताने किंवा रवीने हलके चेपावेत आणि साखर घालून कालवावेत. ॲल्युमिनियम, तांबे किंवा पितळ यांची भांडी आम्लाला चालत नाहीत. मिक्सर वापरण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास सगळा गर रसात मिसळतो आणि पुढे गाळताना जीव मेटाकुटीला येतो. भांडे झाकून फ्रिजमध्ये एक ते दोन दिवस ठेवावे. पहिल्या तासाभरातच साखर ओलसर होऊन फळाच्या कडांवर चकाकी येते. दुसऱ्या दिवशी पाहावे, तर तुकडे आक्रसून सुरकुतलेले असतात आणि त्यांच्याभोवती गडद रंगाचा पाक जमलेला असतो. साखर फळातले पाणी ओढून घेते आणि त्याबरोबर रंग आणि वासही बाहेर येतात. चुलीवर उकळून हेच काम दहा मिनिटांत करता येते, पण त्या रसाला जॅमची चव येते. किसलेल्या सफरचंदासारख्या कमी रस सोडणाऱ्या फळाखेरीज मी तो मार्ग धरत नाही.

नंतर मिश्रण गाळावे. मलमलच्या फडक्यात चोथा दाबून पिळला की रस थोडा जास्त मिळतो, पण गढूळही होतो, म्हणून मी तो नुसता निथळू देतो. व्हिनेगर सुरुवातीलाच फळावर ओतण्याची पद्धतही रूढ आहे. तरी ते शेवटी घालावे असेच मी म्हणेन, कारण प्रत्येक फळाचा गोडवा आणि रस निराळा निघतो आणि व्हिनेगर किती लागेल हे रस चाखल्याशिवाय कळत नाही. साधारण अर्धा लिटर रसाला 350 मिलिलिटरपासून सुरुवात करून चवीप्रमाणे वाढवत जावे. भांड्याच्या तळाशी न विरघळलेली साखर चिकटून बसते. ती याच मोजलेल्या व्हिनेगरने विसळून घ्यावी, म्हणजे काहीच वाया जात नाही.

बाटली उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून पूर्ण कोरडी करावी आणि मग भरावी. धातूचे झाकण गंजते, म्हणून प्लॅस्टिकचे वापरावे किंवा मध्ये बटर पेपर घालावा. भरल्या दिवशी चव पाहून निराश होऊ नये: वास नाकात चढतो, घशाला ठसका लागतो आणि फळ कोठेच जाणवत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर मुरू द्यावे आणि मधूनमधून बाटली हलवावी. आठव्या दिवशी तोच अर्क पुष्कळ मवाळ लागतो आणि आधी फळाचा वास येऊन मागाहून आंबटपणा येतो. तळाशी साका बसला तर तो निरुपद्रवी असतो. बुडबुडे येऊन झाकण उघडताना फस्स आवाज झाला, तर अर्क आंबू लागला आहे असे समजावे. बुरशी दिसली, तर सगळे टाकून द्यावे, वरचा थर काढून उरलेले वापरू नये.

पिताना 200 मिलिलिटर थंड पाण्याला किंवा सोड्याला दोन मोठे चमचे अर्क पुरेसा होतो. तो कधीही तसाच पिऊ नये, कारण इतके तीव्र आम्ल दातांच्या आवरणाला आणि घशाला त्रास देते. पेय प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि दात लगेच घासू नयेत. यात साखर भरपूर असते, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी हे औषध समजून पिऊ नये.

फडक्यात उरलेला चोथा गोड असतो; मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे आटवला की पोळीला किंवा पावाला लावण्याजोगा होतो.