लेकीला घेऊन श्रीलंकेत पक्षी पाहायला जाताय? या चुका टाळा

मुंबईहून थेट विमानाने अडीच-तीन तासांत कोलंबो. जेवणात भात आणि नारळ. आणि जगात दुसरीकडे कुठेही न आढळणारे सुमारे ३४ पक्षी एका लहानशा बेटावर. पक्षीनिरीक्षणासाठी पहिल्यांदा देशाबाहेर पडायचं असेल, तर श्रीलंकेइतकी सोयीची जागा आपल्याला दुसरी नाही. तरीही आई-लेक किंवा बाप-लेक अशा सहली फसतात, आणि त्यात पक्ष्यांचा दोष क्वचितच असतो. मोठं माणूस एकट्याने पाहायच्या पक्ष्यांची यादी करतं, एकट्याने बुकिंग करतं, आणि तेरा ते सतरा वयाचं मूल त्या यादीमागे फरफटत जातं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

शाळेच्या सुट्टीवरून तारखा ठरवणं

मे महिन्याची सुट्टी मोठी असते म्हणून बहुतेक जण मे निवडतात. या सहलीसाठी तो वाईट महिना आहे. सिंहराजा आणि कितुलगला ही महत्त्वाची जंगलं बेटाच्या नैऋत्य भागात आहेत, आणि मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी पाऊस तिथेच कोसळतो. शिवाय हिवाळी पाहुणे पक्षी एप्रिलपर्यंत निघून गेलेले असतात. नवरंगच घ्या. हिवाळ्यात तो डोंगराळ भागातल्या नुवारा एलिया या गावातल्या बागेत पानं उलटत फिरताना दिसतो, पण पावसाच्या तोंडावर तो आपल्याच महाराष्ट्रातल्या जंगलांत विणीला आलेला असतो. मे अखेरीस त्याला शोधत श्रीलंकेला गेलात, तर तुमची चुकामूक ठरलेली.

दिवाळीच्या सुट्टीत दोन मोसमांमधला पाऊस असतो. सकाळ बरी जाते, दुपारनंतर गडगडाट सुरू होतो. नोव्हेंबरात वादळांचाही धोका असतो. २०२५च्या नोव्हेंबर अखेरीस 'दितवा' चक्रीवादळाने तिथल्या डोंगराळ भागात मोठ्या दरडी कोसळल्या होत्या. जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत चांगला, पण नेमका तोच आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षांचा. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की ही सहल आठवी, नववी किंवा अकरावीच्या वर्षात करावी, आणि नाताळच्या सुट्टीला चार-पाच दिवस जोडून जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बसवावी. वर्गशिक्षकांशी ऑगस्टमध्येच बोललात तर परवानगीची कटकट होत नाही.

तारखा पक्क्या करण्याआधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पौर्णिमा बघा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी, आणि ती शनिवार-रविवारला लागून आली तर सलग तीन दिवस, उद्यानांच्या दारांवर स्थानिक कुटुंबांची गर्दी उसळते. डोंगरमाथ्यावरच्या हॉर्टन प्लेन्स राष्ट्रीय उद्यानासारखी जागा त्या दिवशी ठेवूच नका. तसंच एप्रिलच्या मध्याला सिंहली-तमिळ नववर्ष असतं, तेव्हा नुवारा एलियात खोली मिळणं कठीण होतं.

नकाशातले किलोमीटर खरे मानणं

नकाशावर हे बेट लहान दिसतं. रस्ते मात्र अरुंद, वळणावळणाचे, आणि गावागावांतून जाणारे. विमानतळावरून सिंहराजाला पोहोचायला अर्धा दिवस धरा. आठ रात्रींत कँडी, सिगिरिया, गॉलचा किल्ला आणि 'याला' राष्ट्रीय उद्यान असं सगळं कोंबलं, तर पक्षी फक्त गाडीच्या काचेतून दिसतात, आणि घाटात मुलाला मळमळायला लागलं की तेही नाही.

माझ्या मते आठ रात्रींची नीट आखणी अशी: कितुलगलाला दोन, सिंहराजाला तीन, उडावलवे राष्ट्रीय उद्यानाला एक, नुवारा एलियाला दोन. कितुलगला आधी ठेवायचं कारण ते कोलंबोपासून फार लांब नाही, आणि तिथल्या केलानी नदीत राफ्टिंग होतं. सकाळी जंगल, दुपारी राफ्ट, असा पहिला दिवस मिळालेलं मूल पुढच्या जळवा आनंदाने सोसतं. उडावलवेत हत्ती हमखास दिसतात. एक संध्याकाळ हत्तींसाठी दिली म्हणजे यादीतला वेळ वाया गेला असं समजू नका. त्याच जीपमधून निळ्या चेहऱ्याचा मलकोहा (हा कोकिळेच्या कुळातला) आणि मत्स्यगरुडही दिसू शकतो.

सिंहराजाबद्दल एक चूक खास सांगण्यासारखी आहे. जंगलाला एकाहून जास्त प्रवेशद्वारं आहेत. वायव्येकडचं कुडावा आणि आग्नेयेकडचं, डेनियाया गावाच्या बाजूचं, ही मुख्य. हॉटेल बुक करण्याच्या साइटवर दोन्हीकडची ठिकाणं 'सिंहराजा' याच नावाखाली येतात. पक्षीनिरीक्षक प्रामुख्याने कुडावाच्या बाजूला जातात. चुकून दुसऱ्या बाजूला खोली घेतलीत, तर जंगल ओलांडून जाता येत नाही, गाडीने काही तासांचा वळसा पडतो. पैसे भरण्याआधी प्रवेशद्वाराचं नाव विचारा.

घरी दिसणारे पक्षी तिथे शोधत बसणं

पश्चिम घाट आणि श्रीलंका हे जैवविविधतेच्या दृष्टीने एकाच पट्ट्यातले मानले जातात. त्यामुळे बरेच पक्षी सामायिक आहेत. मलबार ट्रोगन तिळारी-आंबोलीला आहे, श्रीलंका फ्रॉगमाउथ नाव श्रीलंकेचं असूनही गोव्यात दिसतो. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) आणि चिखलपक्षी मनसोक्त पाहिले असतील, तर श्रीलंकेतल्या बुंदला उद्यानाच्या खाजणांसाठी दिवस मोडू नका.

उलट करा. निघण्याआधीच्या महिन्यांत दोघं मिळून तिळारी किंवा आंबोलीला जाऊन या. दाट, अंधाऱ्या जंगलात पक्षी शोधणं आणि माळावर शोधणं यात फार फरक आहे, आणि तो सराव घरच्या जंगलात स्वस्तात होतो. मग श्रीलंकेत लक्ष फक्त तिथल्याच पक्ष्यांवर ठेवता येतं: ब्लू मॅगपाय, तांबड्या चेहऱ्याचा मलकोहा, हिरव्या चोचीचा भारद्वाज, तिथला राष्ट्रीय पक्षी असलेला रानकोंबडा.

यादी मुलाला करायला द्या. चौतीस नको, दहाच. त्या दहांत सेरेंडिब स्कॉप्स घुबड असू द्या, कारण त्याची गोष्ट या वयाला धरून ठेवते. दीपल वरकागोडा या श्रीलंकन पक्षीतज्ज्ञांनी १९९५मध्ये कितुलगलाच्या जंगलात रात्री एक अनोळखी आवाज ऐकला. तो पक्षी प्रत्यक्ष दिसला २००१मध्ये, सिंहराजात, आणि नवी प्रजाती म्हणून त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं २००४मध्ये. एका आवाजाचा इतकी वर्षं पाठपुरावा केलेला माणूस आपल्या काळातलाच आहे, हे कळल्यावर रात्रीच्या जंगलात कान देऊन उभं राहण्याला वेगळाच अर्थ येतो.

दोघांत एक दुर्बीण

ही सर्वांत महाग पडणारी काटकसर. पक्षी चार सेकंद दिसतो. त्यातले तीन सेकंद मोठ्या माणसाने घेतले, की मुलाच्या हातात दुर्बीण येते तेव्हा फांदी रिकामी असते. असं दोन-तीनदा झालं की मूल मोबाइल काढतं, आणि आपण म्हणतो की आजच्या मुलांना निसर्गाची आवड नाही.

दुसरी दुर्बीण महागडी नसली तरी चालेल, पण ती तिची स्वतःची हवी. वर्षावनासाठी ८ × ४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटर व्यासाची असलेली. १० पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत हात जास्त हलतो आणि दिसणारं क्षेत्र लहान होतं. दाट पानांत पक्षी सापडतच नाही. कॅमेरा दुर्बिणीऐवजी नको, सोबत हवा. मुलीला फोटोंची ओढ जास्त असेल तर लांब झूमचा साधा कॅमेरा द्या. फोटो काढून मग त्यावरून ओळखणं ही तिची पद्धत असू शकते, आणि ती कमी प्रतीची नाही.

दुर्बीण असूनही 'मला दिसतच नाही' असं ऐकू आलं, तर ओरडण्याआधी दुर्बीण तपासा. बहुतेक वेळा ती त्या डोळ्यांसाठी लावलेलीच नसते. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल अशा करा. मग उजवी बाजू हाताने झाकून, डाव्या डोळ्याने लांबची पाटी मधल्या चाकाने स्पष्ट करा. नंतर डावी बाजू झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या आयपीसवरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा खाली करायच्या. एवढं घरच्या गच्चीत करून घ्या, कारण जंगलात समोर मलकोहा असताना हे कुणालाच जमत नाही.

ड्रायव्हर-गाइडला पक्ष्यांचा गाइड समजणं

श्रीलंकेत गाडी घेतली की सोबत येणारे चालक बहुधा स्वतःला गाइडही म्हणवतात. देवळं, चहाचे मळे, रत्नांची दुकानं यांची त्यांना उत्तम माहिती असते. पक्ष्यांचा गाइड वेगळा. सिंहराजात तर वनखात्याचा वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि घुबड दिवसा कुठल्या झुडपात बसलंय हे ज्यांना माहीत असतं, ते तिथल्या गावातलेच लोक.

बुकिंगच्या आधी गाइडशी फोनवर बोला, आणि तेव्हा मुलाला शेजारी बसवा. दोन प्रश्न पुरेत. नुवारा एलियाच्या भागात व्हिसलिंग थ्रश या पक्ष्यासाठी तुम्ही किती वाजता आणि कुठे थांबता? अनुभवी माणूस हॉर्टन प्लेन्समधल्या तळ्याचं नाव घेईल आणि फटफटायच्या आत पोहोचायला सांगेल. दुसरा प्रश्न मुलाने विचारावा, त्याच्या यादीतल्या कुठल्याही पक्ष्याबद्दल. गाइड त्याला नीट उत्तर देतो, की तुमच्याकडे वळून बोलतो, ते ऐका. दुसऱ्या प्रकारचा माणूस कितीही जाणकार असला तरी या सहलीसाठी नको.

पक्ष्यांचा आवाज स्पीकरवर वाजवून त्यांना बाहेर बोलावणार नाही, घुबडावर फ्लॅश मारणार नाही, हे आधीच सांगून टाका. मुलालाही सांगा, की घुबडाच्या विश्रांतीच्या जागेचा फोटो ठिकाणासकट इन्स्टाग्रामवर टाकायचा नाही.

रोज पहाटे पाचला उठवणं

वयात येणाऱ्या मुलांचं शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. त्यांना उशिरा झोप येते, उशिरा जाग येते. हा आळस नाही. आठ दिवस सलग पहाटे उठवलं तर पाचव्या दिवशी भांडण होणारच. म्हणून कुठल्या पहाटा अटळ आहेत ते ठरवा. हॉर्टन प्लेन्सची अटळ आहे. सिंहराजातल्या मात्र सगळ्या नाहीत. तिथे पक्षी मिश्र थव्यांनी फिरतात. कोतवाल आणि नारिंगी चोचीचे सातभाई पुढे, बाकीचे त्यांच्यासोबत. हे थवे दहा-अकरा वाजताही भेटतात. सातभाईंचा गलका कानावर आला की जागीच थांबायचं, थवा डोक्यावरून जाऊ द्यायचा. नुवारा एलियाच्या व्हिक्टोरिया पार्कला तर दुपारी चारनंतरच जा. नवरंग आणि काश्मीर फ्लायकॅचर तिथल्या ओढ्याकाठी संध्याकाळीही मिळतात.

हॉर्टन प्लेन्स २,१०० मीटरच्या वर आहे. जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते, कानटोपी लागतेच. पक्षी आणि 'वर्ल्ड्स एंड'चा कडा एकाच सकाळी उरकू नका: नऊ-दहाच्या सुमारास कड्यावर धुकं चढतं, आणि तिथपर्यंतची गोल वाट सुमारे नऊ किलोमीटरची आहे. आधीच निवडा. दारावर प्लास्टिकची वेष्टनं काढायला लावतात, तेव्हा न्याहारी स्टीलच्या डब्यात घ्या. शाकाहारी असाल तर सांबोल ही तिथली चटणी घेण्याआधी विचारा, त्यात सुकवलेल्या माशाचा चुरा घालतात.

कागद

मुलांचा पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचाच असतो, म्हणून तो संपल्याचं ऐनवेळी कळतं. निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी. एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचं सहीचं, शक्यतो नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवा. व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदललेत, म्हणून अधिकृत संकेतस्थळ निघण्याच्या सुमारास पुन्हा बघा. उद्यानांच्या तिकिटावर गाडीचे आणि सेवेचे आकार वेगळे लागतात. सार्क देशांसाठी वेगळा दर आहे का ते खिडकीवर पासपोर्ट दाखवून विचारा.

तिथे अडलंच तर

सकाळीच दुर्बिणीच्या काचांवर वाफ आल्यासारखं दिसतंय? ती एसीच्या खोलीतून दमट हवेत आली आहे. काचा पुसत बसू नका, रात्रीच ती पिशवीत घालून एसीबाहेर ठेवत जा.

जळू लागली तर हिसकून ओढू नका. नखाने तोंडाकडून सरकवा किंवा मीठ लावा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण जळू रक्त न गोठू देणारं द्रव्य सोडते. घाबरण्यासारखं काही नसतं. गुडघ्यापर्यंतचे जळवांचे मोजे दोघांसाठी इथूनच शिवून किंवा विकत घेऊन न्या.

सिंहराजात सकाळभर पाऊस पडला तर जंगलात भिजत फिरण्यापेक्षा लॉजच्या व्हरांड्यात थांबा. पाऊस थांबताच पक्षी पंख सुकवायला उघड्या फांद्यांवर येतात, तो अर्धा तास फार मोलाचा असतो. नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपमधला त्या भागाचा पॅक घरीच उतरवून घ्या.

आणि एखाद्या सकाळी लेक म्हणाली, 'आज मी नाही येत', तर तो दिवस सोडा. तिला झोपू द्या, तुम्हीही लांब जाऊ नका. लॉजच्या आवारातच अर्धा-पाऊण तास फिरा आणि न्याहारीला परत या. गाइडला आधीच सांगून ठेवलेलं असेल तर तो दुपारनंतरचा बेत लावून देतो. संध्याकाळी घुबडांच्या फेरीला ती येईल का, हे जेवताना एकदाच विचारा.