कानाच्या नळीतली गाठ: या चुका टाळा

कानात काही गोल, गुळगुळीत दिसलं की नव्या रेसिडेंट डॉक्टरचा हात फोर्सेप्सच्या चिमट्याकडे जातो. "सर, पॉलिप आहे, ओढून काढू का?" अजिबात नाही. आधी प्रोब, म्हणजे बोथट सळई, फिरवून बघ. गाठ मऊ की टणक, देठ कुठे आहे, प्रोब चहूबाजूंनी फिरतो का, याला मिनिटसुद्धा लागत नाही. पॉलिप, म्हणजे मऊ मांसल वाढ, मधल्या कानातून आलेला असेल तर ओढताना स्टेपीस हे ऐकण्याचं चिमुकलं हाड हलतं, चेहऱ्याची नसही तिथेच. लालसर, ठोके देणारी गाठ असेल तर सीटी स्कॅन होईपर्यंत बायोप्सीचं नावही काढू नका. ग्लोमस, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, निघाली तर रक्त थांबवताना तुमचीच पाचावर धारण बसेल.

पण माझं खरं भांडण बायोप्सीच्या चिमूटभर तुकड्याशी आहे. पन्नाशीच्या एक बाई आमच्याकडे आल्या. एकच कान गच्च, अधूनमधून दुखणारा. पिशवीत ड्रॉप्सच्या बाटल्यांचा ढीग आणि एक रिपोर्ट: जुनाट सूज. तेवढ्यावर सगळे निर्धास्त होते. गाठ नळीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात, वरची कातडी शाबूत. तुकडा निघाला होता त्या कातडीचा, मग पॅथॉलॉजिस्ट बिचारा दुसरं काय लिहिणार? मळाच्या ग्रंथी याच कूर्चेच्या भागात असतात, हाडाच्या भागात नाहीत. आम्ही भोवतालच्या निरोगी कडेसकट गाठ अख्खी काढली. सेरुमिनस अ‍ॅडिनोमा निघाला, म्हणजे मळाच्या ग्रंथींचीच गाठ, साधी, कर्करोग नसलेली. पण त्याच जागी ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा कर्करोगही अगदी तसाच दिसतो, आणि गाठ आजूबाजूला घुसली आहे का हे कडा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून मी फॉर्मवर जागेचं चित्र काढतो आणि पॅथॉलॉजिस्टला स्वतः फोन करतो. रेसिडेंट हसतात, हसू देत. कडेला काही राहिलं तर हा अ‍ॅडिनोमा परत येतो, तेव्हा "साधीच होती" म्हणून तपासणीला बोलावणं बंद करू नका.

टणक गाठीला मळ समजून पिचकारी मारणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. एकाच कानात, देठावरची एकच असेल तर बहुधा ऑस्टिओमा, हाडाची साधी गाठ. दोन्ही कानांत, रुंद बुडाच्या अनेक असतील तर एक्झॉस्टोसिस, म्हणजे नळीच्या हाडाची वाढ, आणि मग थंड पाण्यात पोहायची सवय आहे का ते विचारा. गाठीमागे मळ साचत नसेल, ऐकू नीट येत असेल, तर दोन्हींना हात लावायची गरज नाही.